कुत्रं ‘अचानक’ चावत नाही



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे विषय झाले. ज्ञानेश्वरी झाली, राज्यघटना झाली, पाणीप्रश्न झाला. यंदा तुम्ही गुरांच्या डॉक्टरला बोलावलंत. पत्रिका वाचून एका मित्राचा फोन आला, “अरे, कुत्रं आणि लेकरू, यावर तासभर काय बोलणार?” मी म्हटलं, तास पुरतो का ते बघू.

आत येताना पाहिलंत का? सभागृहाच्या पायरीवर एक तांबडं कुत्रं झोपलंय. बहुतेक जण त्याला ओलांडून आत आलात. असू द्या. त्याच्याकडे शेवटी येऊ.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलोय. गुरुजींना ‘माहीत नाही’ हे उत्तर चालायचं. ‘असंच झालं’ हे चालायचं नाही. दौत सांडली, पाटी फुटली, भांडण झालं, की गुरुजी विचारणार, का झालं? आणि आम्ही म्हणणार, “अचानक झालं, गुरुजी.” मग ते चष्मा काढायचे. चष्मा निघाला की आमची छाती धडधडायची. “अचानक काही होत नाही रे,” ते म्हणायचे, “तुझं लक्ष नव्हतं.”

पुढे जनावरांच्या दवाखान्यात तीसेक वर्षं नोकरी झाली. लेकराला घरचं कुत्रं चावलं की माणसं कुत्र्याला साखळीने ओढत दवाखान्यात आणायची, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: “डॉक्टर, अचानक चावला हो!” दर वेळी मला गुरुजींचा चष्मा दिसायचा.

एकच हकिगत सांगतो, सविस्तर सांगतो. एक आजोबा त्यांच्या मोतीला घेऊन आले. सात वर्षांचा, गावठी, अंगाने भरलेला. अडीच वर्षांच्या नातीच्या गालाला चावला होता, पोरीला टाके पडले होते. आजोबांचा चेहरा दगडासारखा. म्हणाले, “सुई देऊन टाका. सात वर्षांत कुणाला नख लावलं नाही आणि आज अचानक...” मी म्हटलं, बसा. आजी बरोबर होत्या. त्यांना म्हटलं, काकू, पहिल्यापासून सांगा.

आजी सांगायला लागल्या. पोरगी मोतीशी खेळत होती. मोती उठून कॉटखाली गेला. पोरगी कॉटखाली गेली. मोती तिथून निघाला, दाराआड जाऊन बसला. पोरगी दाराआड गेली. मग? “मग तो जांभया देत होता. झोप आली असेल बिचाऱ्याला.” मग? “मग हिनं त्याचा कान धरला.”

मी मोतीचा तो कान उलटा करून पाहिला. आत पू झाला होता. बोट लावलं तर तो कळवळला. कानाचं दुखणं आठवडाभर तरी जुनं असणार. मी शेवटचा प्रश्न विचारला: याआधी कधी गुरगुरला होता? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग आजी हळूच म्हणाल्या, “गेल्या आठवड्यात पोरीवर गुरगुरला होता. ह्यांनी चप्पल हाणली. त्यानंतर नाही हो गुरगुरला.”

मोजा तुम्हीच. कॉटखाली गेला, तेव्हा म्हणाला ‘नको’. दाराआड गेला, तेव्हा म्हणाला ‘नको’. जांभई दिली, तेव्हाही ‘नको’च म्हणत होता; झोप आलेली नव्हती त्याला. आणि सगळ्यात स्पष्ट ‘नको’, म्हणजे गुरगुरणं, ते आपण चपलेने बंद पाडलं होतं. एवढ्या वेळा सांगून झाल्यावर जे झालं, त्याला आपण म्हणतो ‘अचानक’!

मी सुई दिली नाही. कानाला औषध दिलं. मोती पुढे शेतावरच्या घरी राहिला, म्हातारा होऊन गेला. पोरीचं लसीकरण पूर्ण झालं. तिच्या गालावर एक बारीक पांढरी रेघ आहे अजून.

मला आज जे सांगायचंय ते एवढ्यात आलं. मूल लहान आहे, त्याला कळत नाही. कुत्र्याला बोलता येत नाही. राहिला कोण? घरातला तिसरा, मोठा माणूस. जबाबदारी त्याची, आणि नेमका तोच त्या वेळी फोनवर असतो.

आता कुत्र्याच्या बोलण्याकडे येऊ. आपल्याकडे एक म्हण आहे, भुंकणारं कुत्रं चावत नाही. माणसांसाठी ती ठीक असेल. कुत्र्यांच्या बाबतीत तिच्यावर अजिबात भिस्त ठेवू नका. भुंकणारं कुत्रं चावतं, न भुंकणारंही चावतं. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हेही अर्धंच खरं. सैल अंगाने, कमरेपासून सगळं हलतंय ते वेगळं. अंग ताठ, शेपूट वर, आणि फक्त टोक थरथरतंय, ते वेगळं. पोटाखाली घातलेलं शेपूट तर भीतीचं, आणि भ्यालेलं कुत्रं हे सगळ्यात आधी चावणारं कुत्रं.

पण शेपटाच्या आधी तोंड बघा. खाणं समोर नसताना ओठांवरून जीभ फिरते का? झोपेची वेळ नसताना जांभई येते का? तोंड एका बाजूला फिरवतं, पण डोळे मुलावर ठेवतं, आणि मग डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते? कान मागे गेलेत? आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळं हलणं थांबून ते एकदम गोठल्यासारखं होतं? त्या क्षणी ओरडायचं नाही, धावायचं नाही. शांतपणे मूल उचलायचं, किंवा कुत्र्याला हाक मारून दुसरीकडे न्यायचं. आरडाओरडा केलात तर त्या ताठ कुत्र्याच्या अंगातली ठिणगी तुम्हीच पेटवाल.

आणि गुरगुरण्याबद्दल हात जोडून सांगतो: त्याला शिक्षा करू नका. गुरगुरणारं कुत्रं उद्धट नसतं, सभ्य असतं. ते चावण्याआधी कळवतं. कळवण्याबद्दल मार बसला, तर त्यातून ते चावायचं नाही असं शिकत नाही. कळवायचं नाही असं शिकतं.

हल्ली एक नवीनच प्रकार. लेकराला कुत्र्याच्या पाठीवर बसवायचं, गळ्यात मिठी मारायला लावायची आणि रील काढायचं. बघणारे म्हणतात, किती गोड! मी आवाज बंद करून कुत्र्याचं तोंड बघतो. निम्म्या वेळा ती चंद्रकोर दिसते मला. मिठी हा माणसांचा लळा आहे. बहुतेक कुत्र्यांना ती पकड वाटते. मोठ्या माणसाची मिठी ते सोसतं, कारण सवय असते. लहान मुलाची मिठी म्हणजे तोंडापाशी तोंड! म्हणून तर मोठ्यांना कुत्रं हातापायाला चावतं आणि लहानांना गालाला, ओठाला, मानेला.

पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बालगोपाळांनो, तुम्हाला एक विचारतो. कुत्र्याशी बोलायचे शब्द कोणते? बरोबर. यू यू! अजून? हाड्! अजून? हां, छू! बघा मंडळी, मराठी मूल कुत्र्याशी बोलायचे तीन शब्द शिकतं. एक बोलावण्याचा, एक हाकलण्याचा, एक अंगावर सोडण्याचा. त्याही आधी मांडीवर एक शब्द शिकतं, भूभू. आणि तोही कसा? काऊचा घास, चिऊचा घास, हा भूभूचा घास. आपण लेकराचा हात धरून तो घास कुत्र्याच्या तोंडासमोर नेतो. मूल काय शिकलं? हातात खाऊ असला की हात त्या तोंडाकडे न्यायचा. कुत्रं काय शिकलं? त्या चिमुकल्या हातात माझा घास असतो. उद्या त्या हातात बिस्कीट असेल आणि ते कुत्र्यासाठी नसेल. तेव्हा काय होईल ते सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे?

चौथा शब्द आपण शिकवतच नाही. ‘विचार’. आधी ज्याचं कुत्रं त्याला विचार, हात लावू का? मग कुत्र्याला विचार. म्हणजे त्याच्याकडे जायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. आलं तर डोक्यावर थापटायचं नाही, खांद्याजवळ, छातीजवळ हात फिरवायचा. एक, दोन, तीन मोजायचं, आणि हात काढून घ्यायचा. त्याला हवं असेल तर ते आणखी जवळ सरकेल. निघून गेलं, तर संपला खेळ. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे उत्तम जमतं. दोन वर्षांच्या मुलाला जमत नाही, आणि जमेल अशी अपेक्षाही धरायची नाही. तिथे शिकवण कामाची नाही, आडोसा कामाचा.

आडोसा म्हणजे काय? जुन्या घरांत अर्धं दार असायचं. वरून वारा, उजेड, बोलणं सगळं चालू, खालून जनावर आत नाही. फ्लॅटमध्ये तेच काम लहान मुलांचं लाकडी किंवा लोखंडी फाटक करतं. नियम साधा आहे: मोठं माणूस खोलीत असेल आणि त्याचं लक्ष असेल, तरच मूल आणि कुत्रं एकत्र. दूध उतू चाललंय, बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, तर उठताना दोघांतलं एक बरोबर घ्या, नाहीतर फाटक लावा. “दोनच मिनिटं गेले होते” हे वाक्यसुद्धा दवाखान्यात मी फार ऐकलंय.

आता बाळ घरी येण्याची गोष्ट, कारण आपल्याकडे ती न्यारी आहे. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की इस्पितळातून बाळ दोन दिवसांत घरी येतं. आपली सून बाळंतपणाला माहेरी जाते. सासरच्या कुत्र्याच्या दृष्टीने घरातलं एक माणूस नाहीसं होतं. दोन-तीन महिन्यांनी ते परत येतं, आणि बरोबर एक रडणारं, वेगळ्या वासाचं, हातपाय झाडणारं काहीतरी असतं. त्याच दिवशी पाहुणे, गडबड. आणि आयुष्यात कधी न बांधलेल्या कुत्र्याला आपण परसात बांधून टाकतो. त्याने काय अर्थ लावायचा? हे बाळ आलं आणि माझं घर गेलं!

मधले ते दोन-तीन महिने वाया घालवू नका. बाळाची खोली कुत्र्यासाठी आत्तापासून बंद करा, म्हणजे बंदीचा दोष बाळावर येणार नाही. पाळणा आधीच काढून ठेवा. बाळाचं रडणं फोनवर ध्वनिमुद्रित करून मागवा, हळू आवाजात लावा आणि त्याच वेळी कुत्र्याला आवडीचं खायला द्या. माहेरून बाळाचं वापरलेलं दुपटं मागवा, त्याला लांबून वास घेऊ द्या. शेक-शेगडी, वेखंड, बाळाचं तेल, हे सगळे वास त्याच्या ओळखीचे होऊ द्या. फिरायला नेण्याची वेळ बदलणार असेल तर आधीच बदला. आणि बाळ येईल त्या दिवशी आईने आधी मोकळ्या हातांनी कुत्र्याला भेटावं. इतक्या दिवसांनी आलेली आहे, ते उड्या मारणारच. मारू द्या. बाळ तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर असावं. बारशाच्या दिवशी मात्र कुत्र्याला एका शांत खोलीत पाणी, अंथरूण आणि चघळायला काहीतरी देऊन ठेवा. पन्नास पाहुण्यांत त्याची परीक्षा घेऊ नका.

एवढं केलं की लोक निश्चिंत होतात. महिने जातात. कुत्रं पाळण्याखाली झोपतं, आपण म्हणतो, काय राखण करतोय! आणि एक दिवस बाळ रांगायला लागतं.

हा दिवस नीट ध्यानात ठेवा. पाळण्यातलं बाळ म्हणजे एक वास आणि एक आवाज होता. रांगणारं बाळ कुत्र्याच्या उंचीवर, कुत्र्याच्या डोळ्यांसमोर, चार पायांवर चालत त्याच्या थाळीकडे येतं. शेपूट ओढतं, डोळ्यात बोट घालतं, झोपलेल्याच्या पोटावर पडतं. कुत्र्याला काही महिन्यांची सवय असली तरी ती या प्राण्याची नाही. तेव्हापासून त्याचं खाणं वेगळ्या जागी, दाराआड. त्याची झोपायची जागा एक, आणि ती जागा पोरांसाठी सोवळ्यातली. तिथे गेलेल्या कुत्र्याला कुणी उठवायचं नाही, ओढायचं नाही. आणि ज्याला पळून जायला वाट आहे ते कुत्रं सहसा चावत नाही, हे विसरू नका.

म्हणूनच साखळी मला नकोशी वाटते. खेड्यात कुत्रं कायम दाराशी बांधलेलं असतं. साखळीच्या लांबीएवढा एक गोल त्या अंगणात त्याचा असतो. मोठ्यांना तो गोल माहीत असतो. चेंडू मात्र त्या गोलात जातो, आणि चेंडूमागे पोरगं. बांधलेल्याला पळता येत नाही. दिवाळीत तर काय सांगावं! फटाक्यांनी अर्धमेलं झालेलं कुत्रं कॉटखाली थरथरत असतं आणि पोरं त्याला ‘बाहेर ये, बाहेर ये’ करत ओढतात. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीच्या पिल्लांना उचलणं हा त्याच माळेतला मणी.

मला नेहमी विचारतात, मुलांच्या घरात कुठल्या जातीचं घ्यावं? मार्च 2024मध्ये केंद्र सरकारने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंधन घालणारं परिपत्रक काढलं, पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्या वादात मी पडत नाही. मोठ्या जबड्याचं कुत्रं चावलं तर इजा मोठी, एवढं मान्य. पण जातीपेक्षा त्याचं बालपण बघा. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला आयुष्यभर आपलंसं वाटतं. त्या वयात त्याला भली, शांत मुलं भेटली पाहिजेत. आपली कारवानी, पश्मी ही देखणी कुत्री. पण शिकारी रक्त, पळणाऱ्यामागे धावणारं. रोज मोकळं धावायला रान नसेल, तर दोन खोल्यांत पोरांबरोबर कोंडू नका. आणि खरं सांगू? रस्त्यावरचं देशी पिल्लू वेळेवर घरी आणलं, तर त्याच्यासारखं सोबती नाही.

आता पोटात केस जाण्याची भीती. सुनेला दिवस गेले की शेजारीण सांगते, कुत्रं काढून टाका, केस पोटात गेला तर गाठ होते. गंमत अशी की यात शहाणपणाचा एक कण आहे, फक्त आरोपी चुकलाय. केसाने गाठ होत नाही. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी असतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याची गाठ होऊ शकते. तो कृमी कुत्र्यात येतो कुठून? शेळ्यामेंढ्यांचं कच्चं काळीज, फुप्फुस खाऊन. खाटकाकडचं कच्चं टाकाऊ त्याला घालू नका. दुसरा जंत गोल, तो पिल्लाला आईच्या पोटातच मिळतो. म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांपासून जंताचं औषध. याच जंताची अंडी मातीत पडतात, आणि माती खाणाऱ्या मुलाच्या पोटात जाऊन क्वचित डोळ्यालाही इजा करतात. विष्ठा रोज उचला, जंताचं औषध वेळेवर द्या, मुलांचे हात धुवा. बस्स. कुत्रं काढून टाकायचं कारण नाही.

शेवटचा मुद्दा, आणि इथे मात्र हसायचं नाही. रेबीज. जगात दरवर्षी अंदाजे 59,000 माणसं याने मरतात, आणि माणसाला तो होतो त्यातल्या 99 टक्के वेळा कुत्र्यांमुळे. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ शून्य, आणि लक्षणांच्या आधी उपाय जवळजवळ पक्का. असा दुसरा आजार मला माहीत नाही. रेबीजच्या लसीची सुरुवातच एका लेकरापासून झाली. 6 जुलै 1885, पॅरिस. नऊ वर्षांच्या जोसेफ मैस्टरला त्याची आई घेऊन आली, पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी फाडलं होतं. लुई पाश्चरने त्याला लस दिली, पोरगं वाचलं.

मग आपल्याकडे मुलं चावा का लपवतात? कारण घरातले मोठे अजून सांगतात, “पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील!” ती चौदा इंजेक्शनांची लस डेव्हिड सेम्पलने कसौलीला 1911मध्ये तयार केली, मेंढीच्या मेंदूपासून. तिने लाखो जीव वाचवले, तिला नावं ठेवायची नाहीत. पण भारतात ती 2004मध्ये बंद झाली! आज ज्याचं वय वीस आहे त्याने ती पाहिलीसुद्धा नाही, तरी भीती वारशात आलीय. आता दंडात किंवा कातडीत चार-पाच वेळा सुई, झालं. पोटाचं नाव काढू नका. उलट मुलांना सांगा: नुसतं ओरखडलं, खरचटल्या जागी चाटलं, तरी सांगायचं. सांगितलं म्हणून कुणी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.

चावलं तर काय? नळाखाली धरा, साबण लावा, पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट, काही भरू नका. आणि दवाखाना, त्याच दिवशी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सीरमही विचारा. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून डॉक्टरला चुकवू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्यासाठी माणसाची लस थांबवायची नाही.

आणि कुत्र्याची लस? तिसऱ्या महिन्यात, आणि मग दरवर्षी. किती जणांच्या घरी कुत्रं आहे? हात वर करा. बरं. त्यातल्या किती जणांना मागच्या लसीची तारीख आठवते? आता हात मोजण्यासारखे झाले. रागावत नाही, आज रात्री कार्ड शोधा. सापडलं नाही तर सकाळी सरकारी दवाखाना उघडतोच.

बालगोपाळांनो, जाता जाता एक खेळ. उभे रहा. अनोळखी कुत्रं धावत आलं तर पळायचं नाही. झाड व्हायचं. पाय रोवलेले, हात छातीशी घडी, नजर आपल्या पायांकडे, तोंड बंद. कुत्रं हुंगेल, कंटाळेल, जाईल. शाबास. तो तिसरा मुलगा फांद्या हलवतोय, त्याने जरा कमी वारा घ्यावा.

मंडळी, माझा तास संपला. आता तीन-चारशे माणसं एकदम बाहेर पडतील, चपलांचा गोंधळ होईल. पायरीवरचं ते तांबडं कुत्रं गाढ झोपलेलं असेल. मी येताना त्याच्या डाव्या बाजूने वळसा घालून आलो, तिथे पुरेशी जागा आहे. मुलांचे हात धरा, आणि त्याच बाजूने जा.